सातव्या बारीचं पाणी

१

गुरुवारी सकाळी नऊच्या ठोक्याला एकोडीच्या तलावाचं तुडूम, पाणी सोडायची झडप, उघडलं, पाटाला पाणी सुटलं, आणि तुळसाबाई रामटेकेच्या नाक्यासमोरून ते मुकाट पुढे निघून गेलं. पाटातून शेतात पाणी घ्यायचा तिचा नाका उघडलाच नाही. बाई फावडं घेऊन पाटाच्या काठावर उभी. पंधरा दिवसांत आभाळातून थेंब नव्हता, धानाचे पऱ्हे, रोवणीची रोपं, पिवळे पडले होते, पाण्याची बारी बारा दिवसांतून एकदाच येणार, आणि ती डोळ्यांदेखत शेजारच्या बांधीत, धानाच्या खाचरात, शिरली. शेजारची बांधी पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांची, गोपाळरावांची. मग काय विचारता! दहा वाजेपर्यंत गावभर बोभाटा.

आता कोणी म्हणेल, तलावाच्या पाण्याचा आणि ब्लॉकचेनचा काय संबंध? संबंध आहे, ऐका. संस्थेनं यंदा बाऱ्यांची यादी भंडाऱ्याच्या एका छोट्या कंपनीच्या जाळ्यावर चढवली होती. गावाचा नियम करार म्हणून एकदा लिहायचा, तो पन्नास ठिकाणच्या मशिनींवर एकसारखा नोंदला जातो, मग कोणाला तो गुपचूप खोडता येत नाही, आणि करारात लिहिलं असेल तसे नाके आपोआप उघडतात. पाटावर बारा नाके, बारा शेतकरी, दिवसाला एक. असला करार लिहायला या जाळ्यावर तीन भाषा चालायच्या. दोन जगभरच्या, इंग्रजी शब्दांच्या. तिसरी 'झाडी', आपल्या बोलीतली. खाली मशीन एकच, वर दारं तीन. हे तिसरं दार हर्षा मेश्राम नावाच्या पोरीनं नऊ महिने डोळे फोडून बसवलं होतं.

हर्षा एकोडीचीच. ज्या नियमानं आपल्या बांधीत पाणी येतं तो नियम आपल्याला वाचता आला पाहिजे, एवढंच तिचं म्हणणं. त्यापायी ती कंपनीत सगळ्यांशी भांडली होती आणि जिंकलीही होती. त्यामुळे तिची चूक निघायची वाट बघणारे काही कमी नव्हते.

कंपनीचं ऑफिस भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर. मालक भूपेंद्र फोन ठेवून केबिनबाहेर आला.

"हर्षा, एकोडीत बारी चुकली. करार तुझ्या झाडीतला आहे."

समोरच्या टेबलावरचा अश्विन खुर्चीसकट वळला. नाके उघडणाऱ्या मोटरी आणि त्यांचा प्रोग्रॅम त्याच्याकडे. "बोंबला! गोपाळरावांचे पऱ्हे वाळले तर ते आपल्याला गावात उभं करायचे नाहीत."

"रविवारी संस्थेची सभा आहे," भूपेंद्र म्हणाला. "तोपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही तर सोमवारपासून झाडी बंद. दोन भाषा बस झाल्या."

"बंद कायले?"

"कारण उघड आहे," अश्विन म्हणाला. "बाकीच्या दोन भाषा शून्यापासून मोजतात, तुझी एकपासून. एकाचा फरक पडला आणि बारी घसरली. मी वर्षभर हेच सांगतोय. जितकी दारं जास्त तितकी घरात घुसायची सोय."

बोलणं हर्षालाही पटण्यासारखं होतं. पण तोंडानं ती हटली नाही. "घुसलं कोण थे तं पाहू द्या आधी. मग दार काढा नाही तं भिंत पाडा."

२

साकोलीच्या एसटीत खिडकीजवळ बसून तिनं गावात फोन लावला, कोणाची बारी चुकली ते विचारलं, बोटांवर हिशेब मांडला, आणि लाखनी यायच्या आत अश्विनचं म्हणणं कोसळलं. भाषाच एकानं घसरली असती तर पहिल्याच दिवशी पहिलाच माणूस बोंबलला असता. पहिल्या सहा जणांना ज्याच्या त्याच्या दिवशी पाणी मिळालं होतं. अडला तो सातवाच. म्हणजे गडबड भाषेत नव्हती. कोणीतरी हात घातला होता.

तिनं मांडीवर लॅपटॉप उघडला. जाळं काही विसरत नाही, हा त्याचा गुण. सोमवारी दुपारी बारा वाजता यादीचा करार बदलला होता. नवा करार चार ओळींचा, झाडीतच लिहिलेला:

शून्यापासून अकरापर्यंत एकेक बारी घे.
बारी सात असेल तर सोडून दे.
नाही तर बारीवर खूण कर.
खूण असेल तोच नाका उघड.

खाली संस्थेचा डिजिटल शिक्का. हा शिक्का चौघांकडे होता: अध्यक्ष गोपाळराव, पाटावर पाणी सोडणारा पाणकर डोमा, मोटरी सांभाळणारा अश्विन आणि हर्षा स्वतः. मारला कोणी ते मात्र कळत नव्हतं, कारण चौघांना एकच शिक्का देण्याचा शहाणपणा हर्षाचाच. सोय म्हणून केला होता. तिनं स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि एकोडीच्या फाट्यावर उतरली.

गावानं गुन्हेगार कधीच ठरवून टाकला होता. डोमा. त्याला झाडी येते, आणि मागल्या महिन्यात तुळसाबाईच्या शेळ्यांनी त्याची वांगी फस्त केली तेव्हा त्यानं चौकात उभं राहून "तुह्या बांधीत थेंब जाऊ देत नाही" म्हटलं होतं. अख्ख्या गावानं ऐकलं होतं.

डोमा तलावाच्या पाळीवर एकटाच बसला होता. रोज चार माणसं भोवती असायची, आज कोणी नाही.

"काका, बोलले होते ना तुमी?"

"बोललो होतो. वांगे खाल्ल्यावर काय आरती करू शेळ्याइची?" डोमा उसळला. "पन माहा बाप पानकर, माहा आजा पानकर. भावाभावात फरसे चालले तरी आमी कोनाचं पानी तोडलं नाही. तोंडानं म्हनलं म्हून हातानं करते का मानूस?"

"सोमवारी दुपारी कुठं होते?"

"इथंच. तुमचा तो अश्विनबाबू आला होता मोटरीले तेल द्याले. त्याले पाटावर फिरवलं, गोपाळरावकडं चहा पाजला." तो थांबला. "रविवारी मले काढून टाकतीन ना वो, हर्षा?"

तिला खोटं बोलवेना. "सापडलं नाही तं काढतीन."

गोपाळराव ओसरीवर पान जुळवत होते. लाल कापडात बांधलेली जुनी बाऱ्यांची वही मांडीवर. हर्षाला पाहून त्यांनी पुढचं बोलणं स्वतःच सुरू केलं.

"इचार, कोनाले फायदा झाला. मले. तुळसाचं पानी माह्या बांधीत आलं, एक दिस आधी. म्या मागतलं नव्हतं."

"वही परत यावी असं तं वाटते ना तुमाले?"

"वाटते. चाळीस साल लिहिली म्या हे वही. माह्या वहीत कोनाची बारी चुकली नाही." त्यांनी चुन्याचं बोट पुसलं. "पन बाई, मले तुही मशीन बुडवाची असती तं सभेत उभा राहून बुडवली असती. विधवेच्या पऱ्ह्यावर पाय देऊन नाही."

म्हातारा तापट होता, पण आडून वार करणारा नव्हता. हे तिला लहानपणापासून माहीत होतं. मग उरलं कोण? अश्विन? त्याचं तुळसाबाईशी काय वाकडं? त्याला तर ती कोण हेही ठाऊक नसेल. शनिवारपर्यंत हर्षानं गाव पालथं घातलं. तुळसाबाईला दुश्मन असा एकही सापडला नाही. शनिवारी दुपारी भूपेंद्रचा फोन आला: "चौथा शिक्का तुझा आहे हे विसरू नको. लोक विचारतील."

३

शनिवारी संध्याकाळी ती तुळसाबाईच्या अंगणात गेली ती हात हलवत. बाईनं तिला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि आपलं काम चालू ठेवलं. पऱ्हे जवळजवळ गेले होते. घरात थोडं हलकं, लवकर येणारं धान बियाण्याला म्हणून ठेवलेलं, ते ती मोजून पाहत होती. परत पेरायचं तर तेवढंच. तेही वाळलं तर यंदा रोवणाच नाही, दुसऱ्याच्या बांधीत मजुरी.

"मावशी, मले काही सापडलं नाही."

"सापडीन." बाईनं पायली भरली, वरून हात फिरवून सपाट केली आणि टोपलीत ओतली. "लाभ." दुसरी ओतली. "दोन. तीन..."

धान मोजताना कोणी 'एक' म्हणत नाही. पहिली पायली म्हणजे लाभ, मग दोन, मग तीन. हर्षानं हे जन्मापासून ऐकलेलं. झाडी घडवताना तिनं पहिल्या जागेचं नाव हौसेनं 'लाभ'च ठेवलं होतं, आणि अश्विन त्यावर दोन दिवस हसला होता.

"सात," बाई म्हणाली आणि पायली रिकामी करून बसली. "झालं. सातच भरल्या."

हर्षा टक लावून टोपलीकडे पाहत राहिली. लाभापासून सात. मग तिनं झटक्यात लॅपटॉप उघडला आणि त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. पहिल्या ओळीवरून तिची नजर दहा वेळा घसरली होती. शून्यापासून अकरा! कॉलेजपासून रोज तेच लिहून लिहून तिच्या डोळ्यांना त्यात वावगं असं दिसतच नव्हतं.

"मावशी," ती म्हणाली, "तुमच्यावर कोनाचा राग नाही. तुमचं पानी तोडाचंच नव्हतं कोनाले!"

"मंग?"

"उद्या सभेत सांगतो. आन एक इचारू? सगळ्यात शेवटचा नाका कोनाचा?"

"बारावा? धनीरामचा. माही बारी हुकली म्हून सगळे एक दिस आधी सरकले, त्याची आता सोमवारी."

"त्याले उद्या सभेत यायले सांगा. पक्कं."

४

रविवारी ग्रामपंचायतीच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. भूपेंद्र भंडाऱ्याहून गाडी घेऊन आला, सोबत अश्विन. डोमा दारापाशी उकिडवा बसला होता.

सभेआधी भूपेंद्रनं हर्षाला बाजूला घेतलं. सकाळीच तिनं त्याला फोनवर सगळं सांगितलं होतं. "हर्षा, झाडी ठेवतो, शब्द देतो. पण नाव घेऊ नको. तांत्रिक बिघाड म्हण. घरातली गोष्ट घरात."

"आन डोमाकाकाचं काय? बिघाड म्हटलं तं गाव त्यालेच धरनार."

"एका पाणकरासाठी कंपनी..."

"नियम सगळ्याइनं वाचावा म्हून भाषा केली मी, सर. चोराचं नाव तेवढं झाकून ठेवू? नाही जमत." ती वळली आणि सभेसमोर जाऊन उभी राहिली.

तिनं चार ओळी मोठ्यानं वाचल्या. अकरापर्यंत आल्यावर मागून कोणीतरी "बारावा कुठं गेला?" असं पुटपुटलं. हर्षाचे कान लाल झाले. गुरुवारीच ही चार वाक्यं चौकात वाचली असती तर तीन दिवसांची वणवण वाचली असती.

"बरोबर इचारलं," ती म्हणाली. "बारा बाऱ्या आपन कशा मोजतो? लाभापासून बारापर्यंत. हा मानूस मोजते शून्यापासून अकरापर्यंत. त्याच्या हिशेबानंही बाराच होतात. पन त्याच्या मोजणीत पयला नाका शून्य, दुसरा एक. तं त्याचा 'सात' म्हंजे आपला कितवा?"

लोक बोटांवर मोजू लागले. उत्तर गोपाळरावांनी दिलं. "आठवा." मग त्यांचा आवाज चढला. "आठवा तं माहा हाय!"

"होय काका. पानी तुमचं तोडाचं होतं. पन करार लिहिला झाडीत, आन झाडी लाभापासून मोजते. म्हून घाव बसला सातव्यावर. आपन तीन दिस तुळसामावशीचे दुश्मन शोधून राहिलो. ते नव्हतेच."

सभागृहात गलका उठला. अश्विन उभा राहिला. "ही गोष्ट रचलेली आहे. पुरावा काय?"

"पुरावा उद्या सकाळी नऊ वाजता दिसनार होता. पन आजच पाहू." तिनं डोमाच्या हाती टॅबलेट दिला. "काका, ज्या नाक्यावर खूण नाही थो उघडत नाही. शून्य नंबरचा नाका आपल्याकडे नाहीच, तिथली खूण वाया गेली. आन अकरावर तो थांबला. मी बरोबर असन तं बाराव्यावरही खूण नसन. पाहा."

डोमानं बोट फिरवलं. सगळं सभागृह त्याच्या बोटाकडे पाहत होतं.

"नाही खूण," तो म्हणाला. "सातव्यावर नाही आन बाराव्यावर नाही. बाकी दहाइवर हाय."

"अरे बाप्पा!" धनीराम ताडकन उठला. "उद्या माही बारी! म्या काय केलं कोनाचं?"

"काही नाही. तुमचा नाका चुकूनच मेला. आता सांगा, शिक्का असनाऱ्या चौघाइत शून्यापासून मोजनारं कोन? गोपाळकाकाची चाळीस सालची वही हे इथं, पाहा: लाभ, दोन, तीन. डोमाकाका झाडीशिवाय दुसरी भाषा शिकलेच नाही. मी शून्यापासून मोजतो, खरं हाय. पन झाडीत लाभ म्याच बसवला, तिथं माह्या हातून शून्य पडनार नाही. उरला एक."

"मला तुझ्या झाडीचं अक्षर येत नाही!" अश्विन ओरडला.

"ते एका तासात येते. म्हून तं केली. तुले तासभर मेहनत घ्याची लाज वाटली नाही, मोजाची सवय तेवढी सुटली नाही." हर्षाचा आवाज आता रागानं चढला होता. "आन गुरुवारी सरांनी फक्त 'बारी चुकली' म्हटलं. कोनाची, हे ऑफिसात कोनालेच माहीत नव्हतं. तू काय म्हनला? गोपाळरावचे पऱ्हे वाळले तं! तुले कसं माहीत, कोनाचे वाळनार होते?"

भूपेंद्रनं मान खाली घातली. त्यालाही ते वाक्य आठवलं असावं.

अश्विननं भूपेंद्रकडे पाहिलं. मग एकदम फुटला. "तीन भाषा! काही बदललं की तीनदा लिहा, तीनदा तपासा. माझे रविवार गेले यात. जगात कोणी असली गावठी भाषा चालवत नाही. अध्यक्षांची एक बारी गेली असती, त्यांनी एक आवाज दिला असता, आणि झाडी बंद पडली असती. एका दिवसाचं तर पाणी!"

"एक दिसाचं?" तुळसाबाई मागून पुढे आली. तिच्या ओंजळीत पिवळ्या पऱ्ह्यांची जुडी होती. ती तिनं अश्विनच्या पायापाशी ठेवली. "हे पाह्य, बाबू. एक दिसाचं पानी असं दिसते."

भूपेंद्रनं तिथल्या तिथे त्याच्याकडून लॅपटॉप आणि शिक्का काढून घेतला, आणि गावासमोर हात जोडले. गोपाळराव दारापाशी गेले, डोमाला दंडाला धरून उठवलं आणि पहिल्या रांगेत आणून बसवलं.

५

पण पाणी? रहस्य उलगडून धान थोडंच पिकतं! पऱ्ह्यांत अजून मुठीएवढी हिरवी जान होती, आणि शेजारच्यांनी सकाळीच आपल्या पऱ्ह्यांतले दोन वाफे तुळसाबाईला द्यायचं कबूल केलं होतं. पण ओलावा आत्ता हवा होता. धनीराम म्हणाला, "उद्या पयलं तिचं, मंग माहं. एक दिसानं मी मरत नाही." गोपाळरावांनी आपली पुढची आठवी बारीही तिच्या नावे लिहायला सांगितली. घरात आलेलं परक्याचं पाणी फेडल्याशिवाय त्यांना झोप लागणार नव्हती.

आता शिक्का एकाच्या हाती राहणार नव्हता. तिघांचे वेगवेगळे शिक्के लागणार, आणि त्याआधी करार सभेत मोठ्यानं वाचणार. अध्यक्ष, पाणकर, आणि तिसरा शिक्का सभेनं तुळसाबाईला दिला. भूपेंद्र कपाळ खाजवत म्हणाला, "तीन भाषा सांभाळायला आता माणूस कुठून आणू?"

"मी हाय ना," हर्षा म्हणाली. "आन पुढं डोमाकाकाले शिकवतो."

तिनं तिथेच मांडी घालून नवा करार लिहिला. तीन दिवसांची झोप डोळ्यांत होती, पण मन हलकं होतं, बोटं धावत होती. गोपाळरावांनी शिक्का मारला. डोमानं मारला. हर्षानं टॅबलेट तुळसाबाईपुढे धरला. "मावशी, इथं अंगठा टेकवा, झालं."

"थांब व. वाचू दे मले आधी."

बाई चौथी शिकलेली. ओळीखाली बोट ठेवून, एकेक शब्द फोडत ती वाचू लागली. सभागृह चुळबुळायला लागलं. भूपेंद्रनं घड्याळ पाहिलं. बाईचं बोट पहिल्याच ओळीवर अडलं, मागे गेलं, परत तिथेच येऊन थांबलं.

"पोरी, हे काय लिवलंस? 'लाभापासून अकरापर्यंत'?"

हर्षानं वाकून पाहिलं. हाताला लागलेल्या सवयीनंच दगा दिला होता.

"नाके बारा हायेत," तुळसाबाई म्हणाली. "धनीरामनं काय खाल्लं तुहं?"

मग धनीरामच आधी हसला, आणि त्याच्या मागे सगळी सभा. हर्षा हसता हसता डोळे पुसत होती. तिनं अकराचे बारा केले. गोपाळराव आणि डोमानं, या वेळी वाचून, पुन्हा शिक्के मारले.

"आता आन," बाई म्हणाली, आणि अंगठा पदराला पुसून पडद्यावर टेकवला.